पित्त उठलं होतं का?

माझे सासरे साहेबराव यांना करमाडमध्ये सगळे 'डॉक्टर' म्हणत. ते डॉक्टर नव्हते. जालना रोडला लागून असलेल्या एका खासगी दवाखान्यात ते तेहतीस वर्षं कंपाउंडर होते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा बाजारातून जाताना कुणी "जय भीम, डॉक्टर" म्हणालं की मलाच संकोच वाटायचा. एकदा मी धम्मपालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलंही, "मामा लोकांना सांगत का नाहीत, मी डॉक्टर नाही म्हणून?" आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. धम्मपाल हसून म्हणाला, "सांगून झालंय. लोक म्हणतात, बरं डॉक्टर."

त्यांचं काम मी डोळ्यांनी एकदाच पाहिलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ताप आला म्हणून मला त्या दवाखान्यात नेलं होतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पुडीवर ते सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्रकोर काढत. गर्दी नसली तर सूर्याला नाक-डोळेही काढत. मला त्यांनी नाक-डोळ्यांचा सूर्य दिला होता, सून म्हणून.

पण त्यांची खरी कारागिरी वेगळीच होती. मोठे डॉक्टर खुर्चीत बसून प्रत्येक पेशंटला विचारत, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" पेशंट म्हणे, "नाय." अ‍ॅलर्जी हा शब्द कळला असो वा नसो, उत्तर 'नाय'च. नको ते आपल्याला असेल कशाला, असा त्यामागचा सरळ हिशेब. मग पेशंट हिरव्या पडद्यामागं मामांकडं जाई. मामा सुई टोचण्याआधी त्याला पुन्हा विचारत, "अंगावर कव्हा पित्त उठलं व्हतं का?" आणि तोच माणूस म्हणे, "व्हय की!"

आमच्या भागात अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली, की ते पित्त. ते वांग्यानं उठतं, शेंगदाण्यानं उठतं, उन्हानं उठतं, शिळ्या भाकरीनं उठतं. औषधानं उठलं असं कुणी म्हणत नाही, कारण औषध तर बरं करायला असतं. इलाजही ठरलेला आहे. आमसूल भिजवून त्याचं पाणी अंगाला चोळायचं आणि घोंगडीत गुंडाळून बसायचं. तासा-दोन तासांत ते उतरतं आणि माणूस विसरून जातो.

पुंजाराम नावाच्या एका शेतकऱ्याची गोष्ट मामा नेहमी सांगत. पायाला पत्रा कापला म्हणून तो आला होता. डॉक्टरांना 'नाय' म्हणून पडद्यामागं आला. मामांनी विचारलं तर म्हणाला, "मागल्या साली उठलं व्हतं की. तोंड बी सुजलं व्हतं. वांगं खाल्लं व्हतं ना."

"वांगं खायच्या आधी काय घेतलं व्हतं?"

"दाढ ठणकायली म्हणून गोळ्या घेतल्या व्हत्या."

मामांनी सुई खाली ठेवली आणि बाहेर जाऊन डॉक्टरांच्या कानात सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं. मग मामांच्या खिशातलं लाल पेन मागून घेतलं आणि केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पि.' तेव्हापासून त्या दवाखान्यात ही पद्धतच पडली. शेकडो कागदांच्या कोपऱ्यात लाल 'पि.' असायचा. मामा म्हणत, "अ‍ॅलर्जी इचारशील तर नाय म्हणतील. पित्त इचार. आन् बापाला इचारू नको, जी न्हाऊ घालती तिला इचार."

ही गोष्ट मी किमान शंभरदा ऐकली असेल, आणि शंभरदा ऐकलेली गोष्ट शेवटी ऐकूच येत नाही. त्यातून मी बी.एस्सी. केमिस्ट्री, शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर लेबलं तपासायची, बॅच नंबर जुळवायचे, चुकलेल्याला चार शब्द सुनवायचे. घरी आल्यावर सासरे पित्ताच्या गोष्टी सांगायला लागले की मी "हो मामा, हो मामा" म्हणत कणीक तिंबायची.

मोठे डॉक्टर वयानं थकले, दवाखाना बंद झाला आणि मामा-आत्या आमच्याकडं औरंगाबादला, पुंडलिकनगरला राहायला आले; आम्ही आधीच तिथं बिऱ्हाड केलं होतं. आमची तनुजा तेव्हा दोन वर्षांची होती. तिला सांभाळायला माणूस हवं होतं, म्हणजे गरज आमची होती. पण मी असं वागत होते की उपकार मीच करतेय. महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या संध्याताई बीपी मोजून घ्यायला यायला लागल्या. मग त्यांच्या जाऊबाई, मग समोरच्या बिल्डिंगचे काका. एक दिवस कामावरून आले तर हॉलमध्ये तीन माणसं रांगेत बसलेली आणि मामा एकाच्या दंडाला पट्टा गुंडाळताहेत. माझं डोकं फिरलं.

लोक गेल्यावर मी म्हटलं, "मामा, हे घर आहे, दवाखाना नाही. आणि एक सांगून ठेवते, तनूच्या औषधपाण्यात तुम्ही पडायचं नाही. ते मी बघीन."

"बरं," मामा म्हणाले. त्यांनी बीपीचं मशीन डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर ठेवला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

तनू साडेतीन वर्षांची असताना मार्चमध्ये तिचा घसा सुजला, ताप आला. मी तिला दाखवून आणलं, अँटिबायोटिकचं गुलाबी औषध सुरू केलं. चौथ्या दिवशी दुपारी कंपनीत आत्यांचा फोन आला. मामा तेव्हा पुतण्याच्या लग्नासाठी आठवडाभर करमाडला गेले होते.

"पोरीच्या अंगावर पित्त उठलंय गं," आत्या म्हणाल्या. "पाठीवर आन् पोटावर. म्या आमसूल चोळलंय. उतरायलंय आता."

"उन्हात खेळली असेल," मी म्हटलं. "उतरतंय ना? मग झालं."

एवढ्यावर मी फोन ठेवला असता तरी आज मला इतकं लागलं नसतं. पण मी पुढं म्हटलं, "आणि आत्या, मामांना सांगू नका हं. उगीच घरात दवाखाना उघडून बसतील."

"नाय सांगत बाई," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या बाई आहेत, हे माझं दुर्दैव. ताप उतरलाच होता म्हणून मी दुसऱ्या दिवशी औषध बंद केलं, उरलेली बाटली टाकून दिली. पित्ताचा आणि त्या बाटलीचा काही संबंध असेल असं माझ्या केमिस्ट्रीच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

मग ऑगस्ट आला. तनूचा कान दुखायला लागला, सकाळपासून पोर कानावर हात ठेवून कण्हत होती. धम्मपाल कामानिमित्त नाशिकला होता. माझ्याकडं त्या दिवशी ऑडिट होतं, पुण्याहून माणसं आली होती. मी मामांना म्हटलं, "तेवढं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं घेऊन जा ना तिला." पोरीच्या औषधपाण्यात पडू नका म्हणणाऱ्या मला अडचण आल्यावर मामाच आठवले.

साडेअकराला त्यांचा फोन आला. मी ऑडिटरसमोर उभी होते, हातात फाइल. तीन मिसकॉल झाल्यावर बाजूला होऊन उचलला.

"करुणा, एक इचारायचं व्हतं. पोरीच्या अंगावर कव्हा पित्त उठलं व्हतं का?"

मागून तरुण डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, "आजोबा, पित्त नाही, मी औषधाच्या अ‍ॅलर्जीचं विचारतोय." आवाजात हसू होतं. मला लाज वाटली. खरं तेच सांगते, दुसरं तिसरं काही नाही, लाज वाटली. इंग्रजी पाट्यांचा एसी दवाखाना, आणि तिथं माझे सासरे पित्त घेऊन बसलेत.

"मामा, तिला कसलीही अ‍ॅलर्जी नाही," मी म्हटलं. "आणि तिथं डॉक्टरांसमोर पित्त-बित्त काढू नका. ते देतील ते घ्या."

मग ते हळू म्हणाले, "तसं नव्हं. एकदा बी उठलं नाय ना?"

"नाही म्हटलं ना मामा!"

"बरं."

मला तेव्हा मार्चमधला आत्यांचा फोन आठवला होता का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याचं उत्तर आता झिजून गेलंय. आठवला नव्हता म्हटलं तर खोटं होईल, आणि आठवला होता म्हटलं तरी ते पुरतं खरं नाही. मनात काहीतरी हललं आणि मी तिकडं बघितलं नाही. ऑडिटर घड्याळाकडं बघत होता.

पुढचं मला आत्यांनी सांगितलं. मामा तनूला घेऊन घरी आले, औषध पाण्यात कालवून, हलवून, मापानं पहिला डोस दिला. पुन्हा गुलाबीच औषध होतं. तनू कार्टून बघत बसली. पंधरा मिनिटांनी ती पोट खाजवायला लागली. आत्यांनी फ्रॉक वर करून बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई, पुन्हा पित्त उठलं की!"

मामा पेपर वाचत होते. ते म्हणाले, "पुन्हा म्हंजी?"

आत्या आमसूल भिजवायला स्वयंपाकघरात गेल्या. वाटी घेऊन बाहेर आल्या तोवर तनूचे ओठ सुजले होते. तिला उलटी झाली. ती "आजोबा" म्हणाली तर आवाज घोगरा आला, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखा. मामांनी आत्यांच्या हातातली वाटी ढकलून दिली. "आमसूल नगं! रिक्षा बोलीव, रिक्षा!" पासष्टीचा माणूस पोरीला हातांवर आडवी घेऊन दोन जिने उतरला. रिक्षात तिला मांडीवर कुशीला निजवली, पाय वर धरले. आत्या तिला उठवून पाणी पाजायला निघाल्या तर त्यांच्यावर ओरडले. औषधाची बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, लाल पेनाशेजारी.

मोठ्या दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मी शेंद्र्याहून सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून आले. चिकलठाण्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो, आणि तिथं मला आत्यांचा मार्चमधला फोन शब्दन् शब्द आठवला. गुलाबी औषध आठवलं. 'मामांना सांगू नका हं' तेही आठवलं. सिग्नल सुटला तरी मला वाटत होतं स्कूटर जागची हलत नाहीये.

मी पोचले तेव्हा तनू झोपली होती. डोळे सुजलेले, पण श्वास नीट चालला होता. ड्युटीवरच्या डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता धोका नाही. वेळेत आणलंत, बाटली सोबत आणलीत, त्यामुळं सोपं गेलं. तुम्ही आई ना? मला एक सांगा, याआधी कधी हे औषध दिल्यावर अंगावर काही उठलं होतं?"

प्रश्न मला होता. आत्या माझ्याकडं बघत होत्या. मामा भिंतीला टेकून उभे होते, सदऱ्यावर उलटीचा डाग. आणि मी डॉक्टरांना उत्तर द्यायचं सोडून मामांकडं वळले.

"तुम्ही नेलं होतं ना तिला? तुम्ही दिलं ना औषध?" मी ओरडले. सगळा कॉरिडॉर बघायला लागला. "जन्मभर डॉक्टर म्हणवून घेतलंत. कंपाउंडर होतात तुम्ही, कंपाउंडर! तुम्हाला एक साधा प्रश्न विचारता आला नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पुन्हा सांगते, मला तेव्हा सगळं आठवत होतं. भीतीनं तोंडातून गेलं असं मी पुढं धम्मपालला सांगितलं, पण ते तसं नव्हतं. तो प्रश्न माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून मी आधी बोलले. मामांनी माझ्याकडं बघितलं. 'मी फोन केला होता की' एवढं ते म्हणू शकले असते. त्यांनी ब्र काढला नाही. आत्यांनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे, नंतर बोलू," आणि आत गेल्या.

संध्याकाळी धम्मपाल नाशिकहून आला. त्याला जे कळलं ते हेच कळलं, की बापूंनी, म्हणजे मामांनी, औषध दिलं आणि पोरीला रिअ‍ॅक्शन आली. तो बापाला काही बोलला नाही, पण त्यानं मामांच्या समोर बसून चहाही घेतला नाही. दवाखान्यात आमच्या करमाडची दोन माणसं होती, त्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं. दोन दिवसांत गावभर झालं, डॉक्टरनं सोताच्या नातीलाच चुकीचं औषध पाजलं. दिव्याखाली अंधार म्हणून लोक हसले.

पंधरा दिवसांनी मामा आत्यांना घेऊन करमाडला परत गेले. "घराला कुलूप असलं की उंदीर माजतात," म्हणाले. मी राहा म्हटलं, पण ते दारात चप्पल घातल्यावर म्हटलं. बीपीच्या मशीनचा डबा ते माळ्यावरच विसरले. मला वाटलं होतं नेतील कधीतरी, पण त्यांनी त्याची आठवणही काढली नाही.

आम्ही सणाला, बावीस प्रतिज्ञांच्या कार्यक्रमाला करमाडला जात होतो. तनू आजोबांच्या गळ्यात पडायची. मामा तिच्याशी खेळायचे, माझ्याशीही सरळ बोलायचे, "ऊन लई हाय, पाणी पी" वगैरे. पण कुणी गोळ्यांची पट्टी घेऊन ओट्यावर आलं तर ते उठून आत जायचे. हळूहळू येणारेही यायचे थांबले. सांगेन, पुढच्या वेळी सांगेन, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. कंपनीत दुसऱ्याच्या बॅचमधली चूक मी मिनिटात दाखवते.

या जूनमध्ये तनूच्या शाळेचा फॉर्म भरत होते. त्यात रकाना होता, 'अ‍ॅलर्जी असल्यास'. मी औषधाचं नाव लिहिलं. तनू शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "मम्मी, हे आजोबांनी मला चुकून दिलं होतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

मी पेन खाली ठेवलं. त्या संध्याकाळी धम्मपालला सगळं सांगितलं, फोनसकट, मार्चसकट. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी दोन वर्षं माझ्या बापाशी धड बोललो नाही, करुणा." तो रविवारी माझ्याबरोबर येणार होता, पण आदल्या दिवशी म्हणाला, "तू आधी जा. मला तोंड दाखवायला वेळ लागंल." मी एकटीच बसनं गेले, बीपीच्या मशीनचा डबा पिशवीत घेऊन.

मामा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. आत्या विहारात गेल्या होत्या. मी समोर बसले आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. मार्चमध्ये पित्त उठलं होतं. आत्यांनी मला सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं. आणि दवाखान्यात मला सगळं आठवत होतं.

मामा शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला."

"कसं?"

"पारूनं, तुपल्या आत्यानं, त्याच दिशी सांगितलं. पुन्हा पित्त उठलं म्हणली व्हती ना ती. म्या सोडतो व्हय तिला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? धम्मपालला तरी सांगायचं. गावात लोक काय काय बोलले तुम्हाला."

"काय बोलू? चूक मपलीच व्हती."

"मामा, असं म्हणू नका. चूक माझी होती."

"तुपली बी व्हती," ते म्हणाले, आणि मला त्या बोलण्यानं उगीच बरं वाटलं. "पर माझी आधी. तेहतीस वरसं सांगत आलो, जी न्हाऊ घालती तिला इचारा. तू कामाला जाती, सात वाजता येती. तुला कुठून दिसायचं पित्त? पारू घरीच व्हती. एक फोन तिला लावायचा व्हता. तू शिकलेली, तू नाय म्हणलीस, म्या गप बसलो. दुसऱ्याची सून असती तर गप बसलो नसतो."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. शेंगांची टरफलं एका बाजूला सारली आणि म्हणाले, "लागलं एकाच गोष्टीचं. कंपाउंडर म्हणलीस, त्याचं नाय. कंपाउंडर व्हतोच मी. एक प्रश्न इचारता आला नाय का, म्हणलीस. पोरी, तेवढंच तर यायचं मला. दुसरं काय येत व्हतं?"

मी माफ करा म्हटलं. ते "व्हय, व्हय" म्हणाले, जसं लहान पोराला म्हणतात तसं. मी पिशवीतून डबा काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उघडला नाही. ज्या दोघा-चौघांना भेटता येईल त्यांना मी त्या दिवशी खरं काय ते सांगणार होते, आणि सांगितलंही. पण बातमीला जसे पाय फुटतात तसे खुलाशाला फुटत नाहीत. ऐकणारे "असं व्हय?" म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले.

निघायच्या आधी शेजारच्या साळूबाई कडेवर नातू घेऊन ओट्याशी आल्या. मी आहे म्हणून आल्या असतील. पोराचं नाक वाहत होतं आणि त्यांच्या हातात औषधाची बाटली होती, सील न फोडलेली.

"औरंगाबादहून आणलंय लेकानं," त्या म्हणाल्या. "डागदरनं लिहून दिलंय. देऊ का नगं, कळंना. जरा बघा की."

मामांनी बाटलीकडं बघितलंही नाही. "ज्यानं लिहून दिलं त्याला इचारा, बाई. मी काय डॉक्टर नाय."

पूर्वी लोक यावर 'बरं, डॉक्टर' म्हणायचे. साळूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि वळल्या. मामा शेंगांच्या सुपाकडं बघत बसले. मी थोडा वेळ थांबले, ते विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही.

"साळूबाई," मीच हाक मारली. "पोराच्या अंगावर कधी पित्त उठलं होतं का?"

मामांनी मान वर केली.

"व्हय की!" साळूबाई म्हणाल्या. किती पटकन म्हणाल्या. "होळीच्या टायमाला उठलं व्हतं. म्या आमसूल चोळलं, उतरलं."

"त्याच्या आधी काय औषध दिलं व्हतं?" हे मामांनी विचारलं, आणि बाटलीसाठी हात पुढं केला.

साळूबाई ओट्यावर टेकून आठवायला लागल्या. मामा चष्मा पुसून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते. मी बाजूला बसून होते. त्या दिवशी फोनवर त्यांनी मला हाच प्रश्न दोनदा विचारला होता, आणि मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.